रविवारी रंधा धारवाल्याकडे देऊ नको

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देतो:

"काका नमस्कार. मी नागपूरला मनीषनगरात राहते, वय २९, आयटीत जॉब आहे. माझे आजोबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. महालातलं जुनं घर रिकामं करताना त्यांच्या पेटीत एक लोखंडी रंधा सापडला, साधारण १४ इंच लांब, लोखंडातच ५ आकडा आणि मेड इन इंग्लंड असं आहे, बाजूला आजोबांच्या नावाची दोन अक्षरं ठोकलेली आहेत. सगळीकडे गंज आहे, बोट लावलं की तांबडी भुकटी निघते. मागची लाकडी मूठ हलते आणि तिला चीर आहे. एका धारवाल्याला दाखवला तर तो म्हणाला पात्याची धार वाकडी झालीय, मधे फुगलीय, मशीनवर सरळ करून देतो आणि बाकी सगळं बफिंग करून आरशासारखं करतो. मोठे बाबा म्हणतात रविवारी देऊन टाकू आणि मग शोकेसमध्ये ठेवू. माझे बाबा काहीच बोलत नाहीत, एवढंच म्हणाले की लहानपणी आजोबा त्यांना रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासायला लावायचे. पण मला तो शोकेसमध्ये नाही ठेवायचा, मला तो चालवायचाय. माझ्याकडे वर्कशॉप नाही, फ्लॅटची बाल्कनी आहे फक्त. काय करू?"

बेटा, पहिले एकच सांगतो, बाकी सगळं नंतर. रविवारी देऊ नको. मोठ्या बाबांना सांग की थोडं थांबा, मी विचारून राहिली आहे, आणि तोपर्यंत रंधा कोरड्या कपड्यात गुंडाळून कपाटात ठेव.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा त्या "मधे फुगलेली धार" पाशी थांबलो, कारण माझ्या अंदाजाने ती धार वाकडी झालेली नाहीये, ती तुझ्या आजोबांनी मुद्दाम तशी घासलेली आहे. १४ इंची ५ नंबर म्हणजे जॅक प्लेन. करवतीतून आलेली खडबडीत फळी सर्वात पहिले याच्याखाली जाते, भरभर जाडी कमी करायची आणि करवतीच्या खुणा काढायच्या हे याचं काम. आता अशा रंध्याची धार जर फूटपट्टीसारखी सरळ ठेवली तर होतं काय की जाड सालपट काढायला गेलं की पात्याचे दोन्ही कोपरे लाकडात घुसतात, रंधा अडतो, फळीवर दोन्हीकडे नाल्या पडतात. म्हणून जुने मिस्त्री धार मधे थोडी पुढे आणि कोपऱ्यांत थोडी मागे अशी गोलाईत घासायचे, म्हणजे मधून जाड सालपट निघतं आणि कोपरे लाकडाला लागतच नाहीत. नंतर गुळगुळीत करायला दुसरा रंधा असायचा, त्याची धार सरळ. तुझ्या आजोबांकडेही तो असणार, पेटी परत एकदा नीट पाहा.

हे खरंच मुद्दाम केलेलं आहे की खराबी आहे हे तुला घरी बसून कळेल. पातं बाहेर काढ, धारेवर लोखंडी फूटपट्टी उभी टेकव आणि खिडकीच्या उजेडाकडे धर. मधे टेकली आणि दोन्ही कोपऱ्यांत साधारण सारखीच फट दिसली, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास, तर ती आजोबांच्या हाताची गोलाई आहे. एकाच बाजूला उतार असेल किंवा धारेला खाचा असतील तर मग ते नुकसान, तेही हाताने दुरुस्त होतं पण वेळ लागतो. आणि पाहून राहिलीच आहेस तर पात्यात जो लांब खाचा असतो त्याच्या खाली धारेपर्यंत किती लोखंड उरलंय तेही बघ, नवीन पात्याशेजारी ठेवलं तर त्यांनी किती वर्षं आणि किती वेळा धार लावली असेल याचा अंदाज तुझा तुलाच येईल.

मी हे एवढं जोर देऊन सांगतोय कारण माझ्याकडून ही चूक झालेली आहे. माझ्या वडिलांची दीड इंची पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, होती, मी घाईत एका दुकानात ग्राइंडरवर द्यायला गेलो, दहा मिनिटांत चकचकीत करून दिली आणि धारेजवळ निळसर झाक होती ती मला तेव्हा छान वाटली. तो निळा रंग म्हणजे पोलाद जवळपास ३०० डिग्रीपर्यंत तापलं होतं. जुनी पाती साध्या कार्बन पोलादाची असतात, त्यांचं पाणी, म्हणजे त्यांचा कडकपणा, एवढ्या उष्णतेने उतरतो. त्या पटाशीची धार नंतर सागवानात चार ठोके पण टिकेना. शेवटी निळा झालेला सगळा भाग हळूहळू हाताने घासून काढावा लागला, म्हणजे वडिलांनी कित्येक वर्षांत जेवढी वापरली नसती तेवढी पटाशी मी एका दुपारच्या घाईपायी कमी केली. दुकानवाल्याने वाईट केलं असं नाही, मी जे मागितलं ते त्याने दिलं.

आता कामाकडे येऊ. बाल्कनी भरपूर झाली, एक जुना टेबल, वर्तमानपत्र आणि दोन सुट्टीचे दिवस.

खोलायच्या आधी चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढ, खोलताना प्रत्येक पार्टचा काढ. वरची लोखंडी पट्टी जिथे छोटा खटका आहे तो उचलला की ती निघते, मग पातं आणि त्याला स्क्रूने जोडलेली कॅप एकत्र बाहेर येतात. तो स्क्रू मोठ्या तोंडाचा असतो, त्याला खाचेत पूर्ण बसेल असाच रुंद पेचकस लाव, बारीक लावून जोर केला तर खाच फाटते. निघत नसेल तर डब्ल्यूडी फॉर्टी मारून रात्रभर राहू दे, सकाळी निघेल, हातोडी बिलकुल नाही. रंध्याची बॉडी बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची असते आणि बीड ठोकलं किंवा हातातून फरशीवर पडलं तर वाकत नाही, सरळ तडकतं. मागचं पितळी चाक काढताना एक लक्षात ठेव, त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे आपण नेहमी जिकडे फिरवून आवळतो तिकडे फिरवलं की ते सैल होतं. बरेच लोक इथेच जोर लावून आटे मारतात. हे स्क्रू हार्डवेअरमध्ये मिळणाऱ्या साध्या स्क्रूंच्या मापाचे नसतात, म्हणून एकेक वाटीत जपून ठेव.

थोडं विषय सोडून सांगतो, हा अख्खा प्रकार, चाक फिरवून पातं खालीवर करायचा, लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन कारागिराच्या डोक्यातून आलेला आहे, १८६० च्या दशकात त्याने पेटंट घेतली आणि १८६९ मध्ये स्टॅनले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, ५ वगैरे नंबर तेव्हापासूनचे. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये रेकॉर्ड कंपनीने १९३१ पासून हाच रंधा बनवला आणि नंबरच्या आधी शून्य लावलं. तू नाव लिहिलं नाहीस, पण तुझ्या रंध्यावर ०५ असेल तर रेकॉर्ड असण्याची शक्यता जास्त. याचा तुला फायदा असा की सगळे एकाच डिझाईनवर चालतात, त्यामुळे दोन इंची पातं आजही नवीन मिळतं. तुला पुढे बारीक फिनिशिंग करावंसं वाटलं तर सरळ धारेसाठी एक वेगळं पातं घे, आजोबांचं पातं त्यांनी ठेवलं तसंच राहू दे.

गंजाचं. बोटाला भुकटी लागते म्हणजे तो वरचा गंज आहे, आत खोल खड्डे पडलेले नसावेत, तर मग त्याला अॅसिड वगैरे काही लागत नाही. बारीक स्टील वूल घे, पेंटच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाईन किंवा घरात शिलाई मशीनचं तेल असेल तर ते, ओलं करून घास, पुसून घे, परत घास. भांडी घासायची हिरवी घासणी पण चालते, फक्त मग ती किचनमध्ये परत नको. संडास साफ करायचं लिक्विड वापरून गंज काढायचे व्हिडिओ फिरून राहिले आहेत, ते करू नको, त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, गंज जातो पण लोखंडही खातं आणि धुतल्यावर तासाभरात नवीन गंज धरतो, शिवाय बंद बाल्कनीत त्याची वाफ छातीला वाईट. एखादा छोटा स्टीलचा पार्ट खूपच गंजला असेल तर लिंबूसत्व आण, किराण्यात मिळतं, एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम, त्यात तासभर बुडव, काढून ब्रशने घास, लागलं तर परत तासभर. रात्रभर विसरू नको, पोलाद काळं पडतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच पूस, हेअर ड्रायरने सुकव आणि तेलाचा हात लाव, मधे चहा प्यायला जाऊ नको. पितळी चाक आणि बॉडी यात घालायची नाही, बॉडीच्या आतल्या बाजूला जुना काळा रंग असतो तो निघून येऊ शकतो. तो रंग जेवढा उरलाय तेवढा ठेव, मऊ ब्रशने धूळ काढ आणि सोड. जुन्या रंगाची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लाव.

बफिंगचं विचारलंस तर माझं मत स्पष्ट आहे, नाही. बफिंगच्या चाकाखाली कडा गोल होतात, रंध्याचं जे तोंड आहे, जिथून पातं बाहेर डोकावतं, त्याची पुढची कड तर धारदार चौकोनीच हवी. आणि सगळ्यात पहिले जाणार ती बाजूची दोन अक्षरं. वर्कशॉपात एकसारखे रंधे कितीतरी असणार, आपला कोणता हे कळावं म्हणून पंचने ठोकलेली अक्षरं आहेत ती. तिथे स्टील वूल पण हलक्या हाताने फिरव. अक्षरांच्या खाचेत काळपट राहिलं तर राहू दे, त्यानेच ती वाचता येतात. बाबांना घेऊन एकदा कडबी चौकातल्या नॅरोगेज म्युझियममध्ये जा, जुन्या छोट्या गाड्या आहेत तिथे, डब्यांतलं लाकूडकाम जवळून बघ, या रंध्याला रोज किती काम असेल ते डोळ्यासमोर येईल.

तळ सपाट आहे का म्हणून लोक फार घाबरतात, काचेवर वॉटर पेपर लावून तासन् तास घासतात. जॅक प्लेनला ते लागत नाही. पट्टी लावून बघ, पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक एवढ्या तीन ठिकाणी टेकली की झालं. मधला गंज काढ आणि थांब.

धार मात्र सावकाश. हार्डवेअरच्या दुकानातून कार्बोरंडमचा दुहेरी दगड आण, एका बाजूने खरखरीत, दुसरीकडून बारीक. पहिले पात्याची सपाट पाठ, तीही धारेजवळचा साधारण एक सेंटिमीटर एवढीच, बारीक बाजूवर तेल टाकून पूर्ण टेकवून घास, गंजाचे टिपके गेले पाहिजेत कारण टिपका धारेपर्यंत आला की तिथे धार तुटकी राहते. मग उतार, म्हणजे दुसऱ्या बाजूचा धारेकडे तिरपा घासलेला भाग. उताराचा कोन २५ डिग्री धरतात आणि तो मोजायला काही यंत्र नको, पात्याची जाडी साधारण दोन मिलिमीटर असते, उताराची लांबी जाडीच्या सव्वादोन ते अडीचपट, म्हणजे पाच मिलिमीटरला जरा कमी आली की कोन बरोबर. आजोबांचा उतार बहुतेक तिथेच असेल, त्यालाच दगडावर टेकवायचा. आणि गोलाई टिकवायची कशी, तर चार वेळा डाव्या कोपऱ्यावर बोटाचा दाब देऊन ओढ, चार वेळा उजव्या, दोन वेळा मधे. मशीनला हे जमत नाही असं नाही, पण मशीनवाल्याला कोणी सांगत नाही. पाठीमागे बोट फिरवल्यावर बारीक खरखर पूर्ण धारेवर लागायला लागली की ही बाजू झाली, मग पाठ एकदोनदा दगडावर सपाट फिरवून ती खरखर काढ, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दहाबारा वेळा मागे ओढ. कागद सरळ कापला गेला पाहिजे. कॅप परत लावताना धारेपासून दीड एक मिलिमीटर मागे ठेव आणि उजेडाकडे धरून बघ, कॅप आणि पातं यांच्यामधून उजेड दिसत असेल तर तिथे सालपट अडकून रंधा तुंबणार, कॅपची कड दगडावर थोडी घासून घे.

मुठीचं सोपं आहे. हलते त्याचं कारण बहुतेक आपलं हवामान. मे महिन्यात ४५ डिग्री आणि हवेत ओल नावाला नाही, लाकूड आकसतं, पण आतली लोखंडी सळी तेवढीच राहते, मग वरची चकती पूर्ण आवळली तरी मूठ सैलच. लोक अजून जोर लावून आवळतात आणि तिथेच चीर पडते, तुझ्या मुठीला पण अशीच पडली असू शकते. चिरेतली घाण कोरड्या टूथब्रशने काढ, आत फेव्हिकॉल पोचेल तेवढा पोचव, प्लास्टिकच्या पातळ पट्टीने आत ढकल, आणि जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या कापून ताणून गुंडाळ, २४ तास हात लावू नको. बसवताना चकतीखाली एक पातळ वॉशर टाक, मूठ घट्ट बसेल आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं तर वॉशर काढता येतो.

पण मुठीला पॉलिश पेपर लावायचा नाही हं. जिथे त्यांचा अंगठा आणि तळवा बसायचा तिथे लाकूड गडद आणि गुळगुळीत झालेलं असेल, तो रंग डब्यात मिळत नाही. कापड टर्पेंटाईनमध्ये भिजवून मळ पूस, सुकल्यावर जवसाच्या तेलाचा एकच पातळ हात, अर्ध्या तासाने सगळं जास्तीचं पुसून काढ. आणि इथे एक धोक्याची गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. जवसाच्या तेलात भिजलेला कापड चोळामोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो, काडी लावायची गरज नसते, हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती बाहेर पडत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर अजूनच काळजी घ्यावी. काम झालं की कापड बाहेर सपाट पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेव.

ठेवायचं कुठे, तर कूलरच्या खोलीत नाही. पावसाळ्याला सगळे घाबरतात, पण आपल्याकडे तर एप्रिलपासूनच कूलरची ओली हवा सुरू होते, आणि त्या खोलीत उघडं ठेवलेलं लोखंड पाऊस यायच्या आत गंज धरतं. प्लास्टिकच्या पिशवीत पण नाही, आत ओल कोंडते. सुती कापड, लाकडी कपाट, महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरव, गोडं तेल नको, ते चिकट होतं. पातं आत ओढून ठेव.

आता पहिलं लाकूड. सागवान नको, मला माहीत आहे आजोबांची आठवण म्हणून तुला वाटेल की आलापल्लीच्या सागावरच चालवू, पण सागात सिलिका असतं, ते धार लवकर मारतं, शिकताना निराश होशील. लकडगंजमध्ये जाऊन पाईनचा एखादा तुकडा माग, दोनेक फूट, खिळे नसलेला. बाल्कनीच्या टेबलावर पुढे आडवी पट्टी ठोकून त्याला अडकव. लाकडाच्या रेषा ज्या दिशेला वर चढत जातात त्याच दिशेने चालव, उलटं चालवलं तर लाकूड उपटलं जातं. पातं पूर्ण आत घेऊन सुरू कर, काही निघणार नाही, मग पितळी चाक थोडं थोडं फिरवत जा, जोपर्यंत मधून एक अरुंद सालपट येत नाही तोपर्यंत. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या. हाताने नाही, कमरेतून ढकल.

आणि ढकलताना जड वाटेल, खूप घट्ट, जणू लाकडाने धरून ठेवलंय. धार चांगली असली तरी वाटेल. लोखंडाचा तळ कोरड्या लाकडावर घासला की असंच होतं, त्यावर जुना इलाज तोच आहे जो तुझ्या बाबांना लहानपणापासून येतो. त्या वेळी त्यांना बाल्कनीत बोलाव, साधी पांढरी मेणबत्ती त्यांच्या हातात दे, आणि रंधा उलटा करून समोर धर. कुठे घासायची आणि किती, ते मी लिहीत नाही, ते त्यांना विचार.